माझ्या पगारातले पावणेदोनशे

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी जिंकली. पूर्ण जिंकली! फक्त कशी जिंकली ते विचारू नका. बरं, विचारतच आहात तर ऐका. पण हसायचं नाही.

मी मूळची देवरीची. गोंदियाला खोली करून बी.कॉम. करत होती, अन् दुपारनंतर एका मोठ्या कापड दुकानात बिलिंगला बसायची. पगार आठ हजार. स्वतःची पहिली कमाई, म्हणून पगाराची स्लिप मी निकालासारखी वाचायची. त्यात दर महिन्याला एक ओळ डोळ्यात खुपायची: व्यवसाय कर, एकशे पंच्याहत्तर रुपये.

चार महिने कापला. मग एक दिवस कॉलेजात सरांनी शिकवलं, महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर लागतच नाही. मी बाकावरच ताठ झाली! त्या दिवशी दुकानात शिरली ती थेट मुनीमजींच्या टेबलासमोर.

मुनीमजी साठीचे, शांत, हिंदी बोलणारे. चष्मा वर करून म्हणाले, "क्या हुआ बेटी?"

"माझा टॅक्स काऊन कापून राहिले तुम्ही? बायकांना माफ आहे तो!"

आवाज असा चढला की गिऱ्हाइकांनी हातातल्या साड्या खाली ठेवल्या. मला तर अजूनच जोर आला. "माझ्या एकटीचं नाही म्हणत मी! साड्यांच्या काउंटरवरच्या शोभाताई, गल्ल्यावरच्या नीताताई, सगळ्यांचे पैसे परत पाहिजेत!"

शोभाताई घड्या घालता घालता म्हणाल्या, "माहा तं कधीच नाही कापला वो."

"माहाही नाही," नीताताई म्हणाल्या.

म्हणजे? फक्त माझाच? "शिकणारी पोरगी दिसली म्हणून लुटून राहिले का?"

पगार बाहेर, सीएच्या कॉम्प्युटरवर बनायचा. मुनीमजींनी तिथे फोन लावला, ऐकलं, अन् आलेला कागद मोबाईलवर माझ्यासमोर धरला. नोकरीला लागताना मीच ऑनलाइन भरलेला फॉर्म! नाव माझं. गाव माझं. लिंग: पुरुष.

शप्पथ सांगते, त्या रकान्यात 'पुरुष' आधीच येऊन बसलं होतं. मी घाईत तसंच पुढे ढकललं.

"अर्ज लिख दे बेटी," मुनीमजी हसू दाबत म्हणाले. "साथ में आधार की झेरॉक्स."

लिहिला. विषय: मी स्त्री असल्याबाबत. शोभाताई तर साक्षीदार म्हणून सही करायला तयार! "मी रोज पाहून राहिली न इले, पोरगीच आहे."

पुढच्या पगारात सगळे पैसे परत आले. बाबांना फोनवर एवढंच सांगितलं की चुकीचा कापलेला टॅक्स मी भांडून परत मिळवला. शनिवारी देवरीला बसमधून उतरली, तर बाबा टपरीवर वीसेक माणसं जमवून उभे! "हे पाहा माही पोरगी! टॅक्स वापस आणला हिनं. कायदा पाठ आहे इले!" छाती अशी फुगलेली, की त्या वयातही पोलीस भरतीत पास झाले असते. खरं सांगू? माझीही थोडी फुगली.

तेवढ्यात शेजारच्या काकांनी विचारलं, "पण बाई, चूक कोनाची होती?"

"ते... फॉर्म भरणाऱ्यानं चुकीचा भरला होता."

बाबा भडकले. "असल्या बिनडोक माणसाले नोकरीवर ठेवतेत तरी कायले?"

मी मान हलवली अन् म्हटलं, "खरंच आहे, बाबा."