आमेरच्या वाटेवर मीटरमावशी

"सिग्नल नाही" एवढ्यावर मीटरमावशींचं समाधान होत नसे. "कुठपासून नाही?" हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. मूळच्या नागपूरच्या. यजमानांच्या बँकेतल्या बदलीमागोमाग स्वतःचीही बदली मागून त्या जयपूरला आल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि जवाहर नगरातच राहिल्या. पर्समध्ये रुमाल, वेलदोडे आणि सिग्नल मोजायचं मीटर. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो.

माझी नेटवर्कची नोकरी नवी होती आणि आमेरच्या एका लहान इस्पितळाची लाइन माझ्याकडे होती. तिथून रुग्णाच्या हृदयाचा आलेख शहरातल्या डॉक्टरांकडे जायचा, पण तो अर्ध्यावरच अडकायचा. साहेब म्हणाले, "जास्त ताकदीचं यंत्र बसवा." मी ते मावशींना सांगितलं.

"ओरडून काय होते? आमच्या तांब्याच्या तारांत आवाज वाढवला की खरखरही वाढायची. लांब जाता जाता सिग्नल बारीक होतो, मान्य. पण मध्येच एकदम बारीक झाला, मतलब वाटेत कोणीतरी त्याचा गळा धरलाय. चल, पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. केबलच्या प्रत्येक जोडपेटीपाशी थांबायचं, मोजायचं, वहीत आकडा लिहायचा. वय एकाहत्तर, ऊन राजस्थानातलं. मी दोनदा म्हणालो, "मावशी, रिक्षा करू." त्या म्हणाल्या, "रिक्षातून केबल दिसते का?"

आमेरच्या अलीकडे दोन पेट्यांमध्ये आकडा धाडकन पडला. मधल्या एका गेस्टहाउसच्या मागे केबल लोखंडी हुकाला करकचून आवळली होती, पार काटकोनात. मालक हात जोडून म्हणाले, "मैडमजी, दीवार सुंदर दिखे, इसलिए बाँध दी।"

"भैया, काचेच्या तंतूतून उजेड जातो. इतना मोड़ोगे तो उजाला बाहर निकल जाएगा ना!" मावशींनी स्वतः गाठ सोडली आणि केबलला ऐसपैस वळण दिलं. पुढच्या पेटीपाशी मीटर लावलं. आकडा वर आला होता. भर रस्त्यात त्यांनी मला अशी टाळी दिली की हात झिणझिणला.

त्याच दुपारी रामस्वरूपजी नावाचे टेम्पोचालक छातीत कळ येऊन इस्पितळात दाखल झाले. आलेख एका दमात पोचला. शहरातल्या डॉक्टरांनी तो पाहून लगेच औषध सांगितलं, आणि माणूस वाचला. केबलची गोष्ट मी त्यांना नंतर सांगितली.

दोन वर्षांपूर्वी मावशी लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या. सामान न्यायला रामस्वरूपजी आपला टेम्पो घेऊन आले. भाड्याचं नाव काढलं तर हात जोडायचे. स्टेशनवर सामान उतरवताना ते जमलेल्या हमालांना अभिमानाने सांगत होते, "मेरे दिल की ख़बर शहर तक इन्होंने पहुँचाई थी।"

सगळे हमाल वळून पाहू लागले. मावशी आधी संकोचल्या, मग पदर खोचून ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हो, पोचवली!"