चौथ्या चौकटीत झोपलेली

जगात जे काही घडतं ते चार चौकटींत मावतं आणि जे मावत नाही ते घडलेलंच नाही, अशी ठाम समजूत असलेली एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती नेमकी माझ्या बाकावर बसत होती. आर्वीच्या मुलींच्या शाळेत, नव्वदच्या दशकात, आठवी ते दहावी अशी तीन वर्षं या बाईनं मला दमवलं. आज मी स्वतः शिक्षिका आहे, दिवसाला सहा तास बोलते, घरी येऊन पेपर तपासते, पण तेव्हाइतकी दमणूक पुन्हा कधी वाट्याला आली नाही.

तिच्या वहीचं शेवटचं पान सकाळी प्रार्थनेआधीच चार घरांचं झालेलं असे. घरं आधी, गोष्ट मागून. तीन चौकटी तिला अपुऱ्या वाटत आणि पाच चक्क असभ्य. चित्रांत आम्ही चौघी मैत्रिणी असायचो. कापडवाल्यांची मुलगी सतत काहीतरी खात असे, कंडक्टरची मुलगी छातीठोकपणे बसची चुकीची वेळ सांगत असे, ती स्वतः नाकापेक्षा मोठ्या चष्म्यातून सगळं बघत असे, आणि शेवटच्या चौकटीत मी झोपलेली असे. रोज. मराठीच्या मॅडमच्या चपलेचा अंगठा तुटो की कोणाच्या डब्यातून मुंग्या निघोत, शेवटी मी बाकावर डोकं टाकून, तोंड उघडं. पान वर्गभर फिरे आणि पोरी खिदळत. "मी झोपत नाई वं, डोळे मिटून ऐकत राह्यते," मी वैतागून म्हणे. ती मान वर न करता विचारायची, "मंग घोरत काऊन होती?"

मी खेड्यावरून एसटीनं येत असे. डेपो ते शाळा ती मला सायकलवर डबलसीट नेई आणि संध्याकाळी परत आणून सोडी, तेही इतक्या हळू की डोक्यावर भाजीची टोपली घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून जात. जरा जोरात मार म्हटलं की उत्तर ठरलेलं, "इचार करून राह्यली मी." एकदा डेपोकडे जाताना टायर बसला. पंक्चरवाला दुकान बंद करून लग्नाला गेलेला. तेवढ्यात माझी बस आमच्यासमोरून, आम्हाला पुरेशी धूळ चारून, निघून गेली. मी रडकुंडीला आले आणि हिनं सायकल स्टँडवर लावली व रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"चाल नं वं, पुढची तरी भेटन," मी म्हणाले.

"थांब. तीन चौकटी झाल्या. चौथी येऊन राह्यली."

आणि आली. कापसानं शिगोशिग भरलेली बैलगाडी डेपोच्याच रस्त्यानं बाजाराकडे निघाली होती. गाडीवानानं सायकल मागे बांधली आणि म्हणाला, "बसा पोरींनो वर, पन कापूस तुडवू नका." पुढचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पानावर मात्र सगळं होतं. कापसाचा डोंगर, त्याच्या टोकावर मी गाढ झोपलेली, आणि गाडीवान तोंडावर बोट ठेवून बैलांना गप्प करतोय.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मी कोणालाच सांगितली नव्हती. मी आठवीत गेले त्याच वर्षी आईचे सांधे धरले होते. पहाटे पाचला उठून पाणी, पाच माणसांच्या भाकऱ्या, आईला न्हाऊ घालणं आणि मग बस. मैत्रिणींनी कीव केलेली मला चालली नसती, म्हणून मी आळशी म्हणवून घेणं पत्करलं होतं.

दहावीला विज्ञानाची प्रयोगवही पूर्ण नसेल तर प्रात्यक्षिकाला बसू देणार नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. उजव्या पानावरचं लिखाण मी बसमध्ये कसंबसं उरकलं, पण डाव्या कोऱ्या पानांवरच्या चौदाच्या चौदा आकृत्या राहिल्या. प्रात्यक्षिक गेलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरचे मला चुलीपुढेच बसवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. "दे इकडं, मी काढते," ती म्हणाली. आठ दिवसांनी वही थेट मॅडमच्या टेबलावर गेली. मॅडमनी घाईत फक्त उजवी पानं पाहून सह्या ठोकल्या. परीक्षेच्या सकाळी मी डावी पानं उघडली. प्रत्येक प्रयोगाच्या चार चौकटी! पहिलीत चंचुपात्र, दुसरीत नळी, तिसरीत वायूचे बुडबुडे, आणि चौथीत टेबलावर डोकं टाकून झोपलेली मी. सगळं काळ्या शाईत. पेन्सिलीनं काढणं म्हणजे तिला भित्रेपणा वाटायचा.

बाहेरून आलेले परीक्षक सर पानं उलटत गेले. मी आईचं काय होईल, माझं काय होईल असा विचार करत उभी.

"ही झोपलेली कोन आहे?"

"मी आहे, सर."

"सगळ्याच प्रयोगात?"

"हो, सर."

"काऊन?"

तीन वर्षं कोणाला न सांगितलेलं तोंडून निघून गेलं. "मायचे सांधे धरले, सर. पाचले उठा लागते."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पहिल्या पानावर गेले. "नळी कुठं बुडवाची ते काढनारीले बरोबर समजलं हाय," एवढंच म्हणाले आणि सही केली. "जाय, प्रयोग कर. आता झोपू नको."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. माझं वर्ष बुडवणार होतीस, म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाली, "रोज माह्या पाठीवर डोकं ठेवून झोपते तू. मी का सायकल उगीच हळू चालवते? खऱ्यात तुले कोनी झोपू देत नाई. कागदावर तरी झोप नं, माय." मला खूप रडू आलं. तिला ते तिसऱ्या चौकटीसारखं वाटलं असावं, कारण ती चौथीची वाट बघत उभी राहिली.

तिचं लवकरच सिंदीला लग्न झालं. मी शिकले, नोकरीला लागले, वर्ध्याला पिपरी मेघेत घर केलं. पुढे बऱ्याच वर्षांनी भाचीनं मला कम्प्युटरवर जपानी चित्रं दाखवली. एकाखाली एक चार चौकटी, शाळेच्या गणवेशातल्या मैत्रिणी, त्यातली एक झोपाळू. मी ती पानं छापून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरनं सिंदी गाठली.

किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे ती बसली होती. सासू अंथरुणाला खिळलेली, चारला उठावं लागतं, चित्रं कधीच सुटली, असं तिनं भराभर सांगितलं. मग चष्मा पुसून पहिलं पान अगदी बारकाईनं पाहिलं. "चौथी बरोबर पडली बाई," ती म्हणाली. मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर ती गल्ल्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंड उघडं.

मी कप खाली ठेवले. मला चित्र काढता येत नाही. तरी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून चार चौकटी आखल्या. पहिल्या तीन मला सुचल्या नाहीत, त्या कोऱ्याच राहिल्या. चौथीत मोठा चष्मा आणि मिटलेले डोळे काढले. एक गिऱ्हाईक साखर मागायला आलं. मी तोंडावर बोट ठेवलं आणि साखर स्वतः मोजून दिली.