‘हे’ म्हणजे किती जण?

तिला सगळे चौकशी म्हणत. खरं नाव होतं, पण एवढे प्रश्न विचारणाऱ्या बाईला ते शोभलंच नसतं. चष्म्याच्या काचा घासायचं तिचं काम. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार सोडायची, काच कडेकडेनं फिरवत न्यायची, मधेच उचलून ट्यूबलाइटसमोर धरायची आणि शेजारच्या कारागिराला विचारायची, “का हो, नाक सारखं डोळ्यांसमोर असतं, मग ते दिसत का नाही?” तो बिचारा मग दिवसभर तिरळा होऊन स्वतःचं नाक शोधत बसायचा.

तर या बाईला परदेशातल्या एका चष्मेवाल्या मालकानं नोकरी दिली. कुठल्याशा प्रदर्शनात त्यानं तिच्या हातच्या काचा पाहिल्या आणि हीच बाई हवी म्हणून हटून बसला. कामाचा व्हिसा तोच काढणार, तिथं राहायच्या परवान्याला हमीही तोच देणार.

“स्पॉन्सर म्हणजे काय गं?” नवऱ्यानं विचारलं. नवरा रंगारी, लोकांच्या भिंती रंगवायचा. “खेळाडूंच्या छातीवर कंपनीचं नाव असतं, तसं?”

“तसंच. माझ्या छातीवर नाही, व्हिसावर. नोकरी सुटली की परवाना गेला आणि मी परत घरी.”

“म्हणजे लग्नच की!”

“लग्नात नोटीस द्यायची सोय नसते,” ती म्हणाली.

व्हिसाच्या धावपळीनं भलेभले वैतागतात. हिला मात्र जत्रेला निघाल्यासारखी मजा वाटत होती. फोटोवाल्याला म्हणाली, “हसायचं का नाही? तिकडे हसऱ्या माणसांना घेत नाहीत का?” छातीचा एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टरला विचारलं, “आत काय दिसलं?” तो म्हणाला, काही नाही. “काही नाही म्हणजे चांगलं की वाईट?” डॉक्टरनं हात जोडले.

एक प्रश्न मात्र तिनं विचारला नाही. तिच्याच फायलीत नवऱ्याचाही अर्ज जोडता येत होता. तिनं तो भरला, सहीविनाच पाठवला, कारण रंगाऱ्यानं त्यावर सही काही केली नाही. “तू हो पुढं, मी बघतो,” एवढंच. आता नवऱ्याच्या ‘बघतो’चा अर्थ काय, हे कुठल्याही बायकोला विचारा. तुम्हाला यायचंय की नाही, असं सरळ विचारायचं होतं. पण खरं सांगू? ती घाबरली. ‘नाही’ म्हणाला तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. जगाची उलटतपासणी घेणारी बाई घरात मूग गिळून बसली आणि एकटीच विमानात चढली.

कारखान्याच्या वर तिला खोली मिळाली. एक खिडकी, दोन खाटा, डाव्या नळाला गरम पाणी. दुसऱ्या खाटेवर ती घडी केलेले कपडे ठेवायची. काम जमलं, मालक खूश झाला आणि राहण्याच्या परवान्यासाठी बोलावणं आलं.

कचेरीत जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या आणि काचेला बोलायपुरतं भोक. काचेपलीकडे अधिकारीण बाई, पेन्सिल कानामागे. तिची भाषा चौकशीला येईना, म्हणून फोनच्या स्पीकरवर एक दुभाष्या बसवलेला. पोरगा तिकडेच वाढलेला. त्याचं मराठी म्हणजे आईबापांकडून कानावर पडलं तेवढंच, पातेल्याच्या तळाला चिकटून उरल्यासारखं.

“खोलीत कोण राहतं?” त्यानं विचारलं.

“सध्या मी एकटीच. हे मागून येणार आहेत.”

पोरानं काहीतरी सांगितलं. बाईच्या भुवया वर गेल्या.

“किती जण आहेत?”

“एकच आहेत.”

“एक आहे, की आहेत?”

“आहेत! मान द्यायला नको?”

स्पीकर खरखरला. “ताई, हे म्हणजे नक्की कोण?”

“हे म्हणजे आमचे हे!”

“आमचे म्हणजे? आणखी कुणाकुणाचे?”

घ्या! आता कपाळ बडवावं तर कुणाचं? बाई तोवर भराभर टाइप करायला लागली होती. पोरगा घाबरून म्हणाला, “ताई, खोली दोघांचीच मंजूर आहे. मालकानं हमी दिलीय. लोकांचा जथा येणार असेल तर त्या परवान्याचं कार्ड थांबवतील.”

“कसला जथा! अरे, नवरा आहे माझा! एकुलता एक!”

“नवरा! मग तसं सांगा ना!” पोरानं सुटकेचा निःश्वास टाकला. बाई खळखळून हसली आणि हसता हसता पडद्यावर बघून थांबली. नवऱ्याच्या अर्जावर सही नव्हती. पोरगा तिचं म्हणणं सांगत गेला: येणार आहे की नाही? फाइल आज बंद होणार. नाही म्हणाला तर परवाना एकटीचा, पुढं त्याचं सगळं पहिल्यापासून. आत्ता फोन लावा, त्यानं स्वतः हो म्हणू दे, सही नंतर चालेल. फक्त त्याला नावानं हाक मारा, म्हणजे तोच बोलतोय हे आम्हाला कळेल.

इथं चौकशीची बोलती बंद झाली. उभ्या संसारात तिनं त्याला “अहो” म्हटलं होतं, “ऐकलं का” म्हटलं होतं. एकदा तो शिडीवरून घसरला तेव्हाही नुसतीच किंचाळली होती. तिनं आपला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून काचेच्या भोकाशी धरला. “हं, बोल,” रंगारी म्हणाला. तिनं नाव घेतलं, पण इतकं हळू की बाईनं कानाला हात लावून दाखवला. मग तिनं डोळे मिटून असं खणखणीत नाव घेतलं की मागची सगळी रांग तिच्याकडे बघायला लागली.

पलीकडे ब्रश रंगाच्या डब्यात पडल्याचा आवाज आला.

“अहो? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” तो म्हणाला. “आई गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती गं. कुणी रंगारी म्हणतं, सासरी गेलेली पोरगी बाबा म्हणते, तू अहो म्हणतेस. मला वाटलं, संपलं ते नाव.”

मग कुठं तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला. “तुम्हाला यायचंय का हो माझ्याकडे?”

“भीती वाटते. तू कामाला जाणार, आणि मी कोण तिकडे? मला ओळखणारं कोण? लाज वाटली सांगायला.”

“मी आहे की ओळखणारी.”

मग रंगारी म्हणाला, “पुन्हा एकदा हाक मार.”

तिनं मारली.

“आलो,” तो म्हणाला.

पोरानं शब्दाला शब्द लावून बाईला सांगितलं, ते आलेले आहेत. बाईनं दचकून दाराकडे पाहिलं. पोराचं चुकलं, हे चौकशीला चांगलं कळत होतं. तरी वेडी तीही दाराकडेच बघत राहिली.