उघडी राहिलेली हाक

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा रेडिओवर आहे. मला वाटलं, गाणीबिणी लावत असेल. लग्न होऊन घरात आले आणि कळलं की आपला नवरा रोज संध्याकाळी माइकसमोर बसून गाई-म्हशी बोलावतो. माहेरी सांगायची सोय नाही! आईला मी कितीतरी दिवस 'बातम्या वाचतात' एवढंच सांगत होते.

तसं ते खोटंही नव्हतं. कार्यक्रम शेतकऱ्यांचा. आधी बाजारभाव, मग हवामान, मग गुरांचे डॉक्टर नाहीतर पीकवाल्या मॅडम येऊन काहीतरी शिकवणार. कासदाह कसा ओळखायचा, मुरघासाचा चारा खड्ड्यात कसा दाबायचा, मक्याच्या पोग्यात, म्हणजे कोवळ्या शेंड्यात, अळी शिरली की फवारा कुठे मारायचा. ते सगळं साध्या भाषेत आमचे हेच वदवून घ्यायचे, कारण डॉक्टर माइक दिसला की पुस्तकातलं बोलायला लागत. आणि सगळ्यात शेवटी, गुरं रानातून परतायच्या वेळेला, हरवलेली जनावरं.

ह्यात ह्यांची पद्धत अशी. ज्याचं जनावर हरवलं त्याने यायचं आणि घरी ते जनावर बोलावतो तशी हाक घालून दाखवायची. हे समोर बसून त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत राहणार. मग तीच हाक, त्याच माणसाच्या आवाजात, रेडिओवरून. गुराख्यांच्या गळ्यात रेडिओ, दूधवाल्यांच्या सायकलींना रेडिओ, त्यामुळे हाक रानभर पसरायची. कुठल्यातरी परक्या कळपातली एखादी गाय कान टवकारून थांबायची आणि आवाजाच्या दिशेने चालू लागायची. ती घरी पोचली की मालकाने कळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी हे सांगणार, "अमक्यांची गाय पोचली." ते सांगेपर्यंत हाक रोज घालायची. 'हाक उघडी ठेवायची नाही,' हा ह्यांचा नियम. का, ते मला विचारू नका, त्यांनाही सांगता यायचं नाही.

ह्याला मी नक्कल म्हणायची आणि त्यांना राग यायचा. पण नक्कल नाही तर काय हो? एकदा दाराबाहेरून शेजाऱ्याच्या आवाजात अशी हाक दिली की मी केस बांधत लगबगीने बाहेर गेले, तर हे उभे, दात काढत. दोन दिवस बोलले नाही मी. ह्या हाकांमुळे लोक त्यांना हाकवाले म्हणायला लागले, आणि मी आपोआप हाकवालीण झाले.

तर एके दिवशी रेडिओ स्टेशनवर एक म्हातारी आली. तिचा नवरा नुकताच गेलेला. एकुलता एक मुलगा परगावी, घरात ती आणि एक म्हैस. ती म्हैसही सुटून गेलेली.

"हाक घालून दाखवा, आजी," हे म्हणाले.

"माझ्या हाकेला ती ढुंकून बघत नाही. ती आमच्या ह्यांच्याच हाकेला यायची," म्हातारी म्हणाली. "ह्यांची हाक तुला येते. मागे एकदा ती हरवली होती तेव्हा तू शिकला होतास."

येत होती ह्यांना. पण गेलेल्या माणसाची हाक त्यांनी कधी घातली नव्हती, कोणी मागितलीच नव्हती. घरी येऊन मला म्हणाले, "घालू का गं?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, घाला की, म्हशीला काय कळतंय माणूस मेलाय ते. जीभ झडो माझी.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात रेडिओ लावला. डॉक्टर लाळ्या-खुरकुताच्या लसीबद्दल सांगून गेले, आणि मग ती हाक आली. घशातल्या घशात एक घरघर, मग वर चढत जाणारं "ये गं, ये गं, ये गं बाय," मग टाळूला जीभ लावून केलेला टक् असा आवाज. आणि शेवटी एक बारीकसा खोकला. तो खोकला ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. खोकला कशाला घालायचा, सांगा? मी रेडिओ बंद केला.

ते घरी आल्यावर मी विचारलं. म्हणाले, "खोकला मी नाही घातला. तो आला."

दुसऱ्या दिवशी म्हातारीचा निरोप, म्हैस नाही आली. परत हाक. तिसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस झाले, गेली असेल म्हैस कुठेतरी मरून. पण हे ऐकेनात. हाक उघडी ठेवायची नाही म्हणजे नाही.

मग एका दुपारी जेवून हे पडले होते आणि मी भांडी घासत होते. आतल्या खोलीतून हाक आली. घरघर, "ये गं बाय," टक्, खोकला. मला वाटलं तालीम चालली आहे. हात पुसत जाऊन बघते तर हे गाढ झोपलेले. तोंड मिटलेलं, फक्त गळ्याची घाटी वर-खाली होत होती. मी त्यांना गदागदा हलवलं. जागे झाले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही कोणाच्या?"

पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस तो. मी म्हटलं, "थट्टा पुरे झाली हां." तर त्यांनी डोळे चोळले, इकडेतिकडे बघितलं आणि उठून बसले. आपण काय बोललो ते त्यांना आठवतच नव्हतं.

त्यानंतर ते वाढतच गेलं. बाजारभाव वाचताना आवाज मधेच फाटायचा, म्हाताऱ्यासारखा. मक्याचा भाव आणि खोकला. स्टेशनवरचे साहेब मला भेटून म्हणाले, "वहिनी, लोक फोन करतात, हा नवीन म्हातारा कोण ठेवलाय म्हणून. त्यांना दवाखान्यात दाखवा." दाखवलं. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, सूज नाही, गाठ नाही, काही नाही. घरी येताना रस्त्यात हे एका गोठ्यापाशी थांबले. दावणीची सगळी गुरं चारा सोडून ह्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. हे तर काही बोललेही नव्हते. मी त्यांना दंड धरून ओढतच घरी आणलं.

घरी त्यांचं बोलणं दिवसेंदिवस कमी झालं. जे बोलत तेही अर्धं दुसऱ्याचं. कधी नुसते खुणेने सांगत, कारण तोंड उघडलं की आपलाच आवाज येईल ह्याची त्यांना खात्री नसे. एकदा पाटीवर खडूने लिहून दाखवलं, 'मी दमलोय.' तेव्हा मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. माणूस समोर बसलाय, जेवतोय, कपडे वाळत घालतोय, आणि हळूहळू चाललाय कुठेतरी. धरायचं तरी काय आणि कुठे?

शेवटी मी उठले आणि म्हातारीच्या घरी गेले. म्हटलं, तिच्या हातापाया पडावं. आजी, म्हशीचा नाद सोडा, एक निरोप द्या की पोचली म्हणून, खोटा का होईना.

घर गावाच्या टोकाला, एक खोली आणि मागे गोठा. म्हातारीने चटई टाकली, पाणी दिलं. मग माझ्या 'नको नको'ला न जुमानता चहा ठेवला. मी घोट घेतला. दाट, गोड, वर सायीचे तुकडे तरंगताहेत.

"दूध म्हशीचं दिसतंय," मी म्हटलं.

"शेजारून आणते," म्हातारी म्हणाली आणि पदराने चुलीपुढची जागा पुसायला लागली.

शेजार कुठला तिथे! जवळचं घर हाकेच्याही पलीकडे. तेवढ्यात मागच्या बंद दाराआडून कोणीतरी जोरात फुरफुरलं. मी कप ठेवला, उठले आणि दाराची कडी काढली. आत म्हैस उभी. पुढ्यात हिरवा चारा, अंगावरून पाणी निथळतंय, नुकतीच धुतलेली.

"कधी आली ही?"

म्हातारी म्हशीच्या पाठीवरचं पाणी निपटायला लागली.

"आजी, मी विचारते आहे, कधी आली?"

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "आमच्या ह्यांची हाक रेडिओवर संपली नाही तोवर ही दारात. मी आत घातली आणि कडी लावली."

"आणि रोज निरोप काय पाठवत होतात, नाही आली म्हणून?"

"पोचली म्हटलं असतं तर हाक बंद झाली असती." म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "अगं, पन्नास वर्षं रोज संध्याकाळी तो आवाज ऐकलाय मी. एक दिवस परत ऐकला. मग म्हटलं, अजून एक दिवस. मग अजून एक."

माझं डोकं फिरलं. "तुमचं ऐकणं होतंय, आणि तिकडे माझ्या घरात माझा नवरा मुका झालाय! तुमचा माणूस गेला, आजी. माझा अजून जिवंत आहे. त्याला तरी सोडा!" असं मी त्या माऊलीला तोंडावर म्हटलं. ती नुसती भिंतीला टेकून बसली. मग तिने विचारलं, "त्याच्या तोंडून ते येतात? रेडिओ नसतानाही?"

"येतात."

"काय म्हणतात?"

"म्हशीला बोलावतात. दुसरं काय?"

म्हातारीने पदर खोचला, म्हशीपुढे अजून एक पेंढी टाकली आणि म्हणाली, "चल."

आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा कार्यक्रम चालू होता. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेली ती एवढीशी खोली. आवाज नको म्हणून पंखा बंद, ह्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. समोरचा बाजारभावाचा कागद तसाच पडलेला, आणि हे वाचत नव्हते. साहेब काचेपलीकडून हातवारे करत होते. मी दार ढकललं आणि म्हातारीला आत घातलं. साहेबांना म्हटलं, "काय बोलायचं ते नंतर बोला मला."

ह्यांनी मान वर केली. आमच्याकडे बघितलं, पण नजर माझ्यावर थांबलीच नाही. घशात घरघर सुरू झाली. "ये गं, ये गं, ये गं बाय." टक्. खोकला. इतक्या जवळून मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. त्यात ह्यांचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

म्हातारी माइकच्या पुढ्यात बसली. घसा साफ केला. "अहो," ती म्हणाली, "म्हैस आली. पहिल्याच दिवशी आली. मी सांगितलं नाही तुम्हाला. चुकले."

मी श्वास धरून उभी. आता थांबेल. पोचली म्हटलं की थांबते हाक, नेहमी थांबते.

परत घरघर. परत "ये गं, ये गं."

"आली म्हणते ना! गोठ्यात आहे. चारा घातलाय, धुतलीय. तुम्ही कशाला घसा फोडताय?" म्हातारीचा आवाज चढला, रोजच्या भांडणातल्या बायकोसारखा.

हाक मधेच तुटली. ह्यांनी मान तिरकी केली. आणि त्या म्हाताऱ्याच्या आवाजात, अगदी हळू, विचारलं, "आणि तू?"

काचेपलीकडे साहेब खुर्चीत मागे सरकले. मी म्हातारीच्या तोंडाकडे बघत होते. तिचा चेहरा लग्नातल्या मुलीसारखा लाल झाला, डोळे भरून आले, आणि ओठ 'ये' म्हणण्यासाठी उघडले. 'येते' म्हणणार होती ती. मला दिसलं ते. ती येते म्हणाली असती तर ती गेलीच असती, पण वाट ह्यांच्या गळ्यातून होती, मग हेही परत आले नसते. मी हात जोडले नुसते.

तिने माझे हात बघितले. कितीतरी वेळ बघत राहिली. रेडिओवर तेवढा वेळ काहीच वाजत नव्हतं, आणि रानात गुराखी रेडिओ कानाला लावून, गेला की काय म्हणून हलवून बघत होते, असं पुढे लोकांनी सांगितलं.

मग तिने ओठ मिटले आणि परत उघडले.

"मी पण पोचले," म्हातारी म्हणाली. "घरीच आहे. माझी काळजी करू नका. आता नका बोलावू."

ह्यांच्या घशातून एक लांब श्वास बाहेर पडला, ओझं खाली ठेवताना सुटतो तसा. मान खाली गेली. म्हातारी वाट बघत बसली. तो आवाज आणखी काही बोलेल म्हणून ती पुढे वाकली होती, कान ह्यांच्या तोंडापाशी. पण काहीच आलं नाही. तिने ह्यांच्या केसांवरून एकदा हात फिरवला, उठली आणि धारेची वेळ झाली असं पुटपुटत निघून गेली.

ह्यांनी डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अगं," हे म्हणाले, बसलेल्या, चिरक्या, पण ह्यांच्याच आवाजात, "तू इथे कशी? पाणी दे जरा."

एरवी असं म्हणाले की मी म्हणायची, हात नाहीत का तुम्हाला? त्या दिवशी तांब्या उचलला आणि ह्यांच्याकडेच बघत राहिले, तर अर्धं पाणी बाजारभावावर सांडलं.