जास्तीची पाकळी

माझी वहिनी क्रोशाचे टाके मोजताना चुकलेली मी कधी पाहिली नव्हती. ती बटणं, लेस आणि दोऱ्यांच्या दुकानात काम करते. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणाच्या तोंडावर आत आहे त्यातलं एकेक बटण शिवलेलं. समोर कुणीतरी रंग जुळत नाही म्हणून कटकट करत असतं, मागे मालक फोनवर ओरडत असतो, आणि वहिनी मांडीवरचं विणकाम खाली ठेवून खण ओढते. गिऱ्हाईक गेलं की जिथे थांबली होती तिथून पुढे. ओठ हलत नाहीत, बोटं मोजत नाहीत. मी एकदा मुद्दाम शेजारी बसून भलतेसलते आकडे बडबडले. तिने मान वर केली नाही. "मिरचे, तुझं झालं की सांग," एवढंच म्हणाली.

मिरची हे नाव मला माझ्या दादाने ठेवलं. मी त्याची धाकटी बहीण, त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहते, आणि जिभेवर माझा ताबा नाही हे सगळ्या जिन्याला माहीत आहे. वहिनीला गप्प बसायची सवय आणि मला बोलायची, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

उन्हाळा जवळ आला की वहिनी टोप्या विणते. बादली उपडी घातल्यासारखी असते ती, बकेट हॅट. आमच्या घरी तिला बादलीच म्हणतात. मधोमध दोऱ्याचं लहानसं कडं, त्याभोवती फेरे. दर फेऱ्याला टाके वाढवत नेलं की चपटी थाळी तयार होते. थाळी डोक्याएवढी झाली की वाढवणं थांबवायचं, मग विणकाम आपोआप खाली उतरतं. कानाशी पोचलं की पुन्हा वाढवायचं, म्हणजे कड बाहेर पसरते. सांगायला सोपं आहे. मी विणली तेव्हा तिच्यात कांदे ठेवायची वेळ आली.

टोपी वहिनीची, पण तिच्यावरचं फूल दादाचं.

दादा बाजारामागच्या पार्किंगमध्ये फाटकावर होता. पत्र्याची केबिन, एक खिडकी, एक पंखा आणि वर-खाली होणारा आडवा दांडा. गाडी आली की उठायचं, खिडकीतून हात काढून पावती द्यायची, दांडा उचलायचा, गाडी गेली की खाली. दोन गाड्यांच्या मध्ये करायचं काय? एका वर्षी वहिनीच्या टोप्यांची मागणी फार वाढली, तेव्हा तो म्हणाला, "मला शिकव एखादी सोपी गोष्ट." वहिनीने त्याला फूल शिकवलं. मधे कडं, कड्यावर साखळीच्या आठ कमानी, आणि प्रत्येक कमानीत एक पाकळी. त्याची बोटं केळ्यांसारखी. ड्रायव्हर लोक खिडकीशी गाडी थांबवून चेष्टा करायचे. तो म्हणायचा, "हसा, तुमच्या बायकोला हवं असेल तर सांगा."

पण दादाच्या फुलाला नेहमी नऊ पाकळ्या. कारण साधं होतं. गाडी आली की तो विणकाम ठेवून उठायचा, आणि परत बसला की शेवटची कमान झाली होती की राहिली होती, हे त्याला आठवायचं नाही. मोजून बघायचं सोडून तो एक जास्तीची घालून टाकायचा. "राहिली असेल तर? असू दे, जास्त चालेल, कमी नको." त्याचं सगळंच तसं होतं. कुलूप लावून पुन्हा ओढून बघायचा, चहात साखर घालून पुन्हा चिमूटभर घालायचा. आठांच्या जागेत नऊ पाकळ्या दाटीवाटीने बसायच्या आणि शेवटचीला जागाच उरायची नाही, मग ती उभी राहायची. वर्गात बाकावर जागा न मिळालेल्या मुलासारखी.

"हे उसवून देते तुम्हाला," वहिनी दर वेळी म्हणायची. उसवलं एकदाही नाही. जसं असेल तसं टोपीवर शिवायची. पुढे तर गिऱ्हाइकं मागायची, ती उभ्या पाकळीवाली द्या म्हणून. दादा-वहिनीची लेक लहानपणी टोपी घालून आरशासमोर उभी राहायची आणि ती पाकळी बोटाने खाली दाबायची. सोडली की पाकळी पुन्हा वर. हा खेळ तिला कितीही वेळ पुरायचा.

दादा गेला तो केबिनमध्येच. मागे गाड्यांचा हॉर्न वाजत राहिला, दांडा उचलला जाईना, तेव्हा लोकांनी वाकून पाहिलं.

मी ओक्साबोक्शी रडले. भाची रडली. पार्किंगचा मुकादमसुद्धा रडला, जो दादाला रोज शिव्या घालायचा. वहिनीने सगळ्यांना पाणी दिलं, येणाऱ्यांच्या चपला जिन्यात नीट लावून ठेवल्या आणि थोड्याच दिवसांत दुकानात गेली. समोर वाढलं की जेवायची. मी आणखी वाढलं तर तेही जेवायची, आणि नाही वाढलं तर मागायची नाही. नळ सुरू करून भांड्यांपुढे नुसती उभी राहायची, भांडी घासायची असतात हे आठवेपर्यंत.

मला राग यायचा. राग आला की मी बोलते. "वहिनी, तुला काही होत नाही का गं?"

"काय व्हायला हवं?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो, ती खरंच विचारत होती. मग थोड्या वेळाने म्हणाली, "दात काढताना इंजेक्शन देतात ना? गालाला बोट लावलं तर गाल दुसऱ्या कुणाचातरी वाटतो. तसं आहे बघ. उतरेल म्हणून थांबलेय."

ते उतरलं नाही. दिवस गेले आणि भाचीला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या आधी ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून म्हणाली, "आत्या, आईला बाबा गेल्याचं काहीच नाही वाटलं. मी आता सुट्टीला येईन की नाही, सांगता येत नाही. कुणाकडे यायचं?" मी तिला गप्प बस म्हणून खूण करत होते, कारण वहिनी माझ्याकडे दोरा मागायला आली होती आणि दारात उभी होती.

वहिनीने ऐकलं. तिने दोरा घेतला आणि लेकीला विचारलं, "तुला जाताना काय देऊ?"

भाचीला थोडी लाज वाटली असावी. "बादली दे," ती म्हणाली. "पण तुझं फूल नको. बाबांचं हवं."

टोपी विणायला वहिनीला काहीच वेळ लागला नाही. निळ्या सुती दोऱ्याची, लेकीच्या डोक्याला चपखल. अडलं ते फुलावर. दादाचं एकही फूल शिल्लक नव्हतं. होती नव्हती ती टोप्यांवर चढून कुणाकुणाच्या डोक्यावर गावभर फिरत होती. भाचीची स्वतःची टोपी लहानपणीच कुठल्यातरी सहलीत हरवलेली. आम्ही कपाटं उपसली, मुकादमाने केबिनचे कोपरे पाहिले. क्रोशाची सुई मिळाली आणि दोऱ्याचं गुंडाळं. फूल नाही.

मग वहिनी दादासारखं फूल करायला बसली. पहिलं सवयीने आठ पाकळ्यांचं झालं. दुसऱ्यात तिने मुद्दाम नववी कमान घातली, पण तिच्या हाताला जागा कळते. तिने न ठरवताच सगळ्या कमानी थोड्या लहान केल्या आणि नऊच्या नऊ पाकळ्या शहाण्यासारख्या आडव्या बसल्या. तिसऱ्यात नववी ओढून उभी केली, तर ती खोटी दिसली, कुणीतरी कान पकडून उभी केल्यासारखी. टेबलावर फुलांचा ढीग झाला. सगळी सुंदर, आणि एकही दादाचं नाही.

"अगं, एवढं तिला कळणार नाही," मी म्हटलं.

"तिला कळेल." वहिनीने आणखी एक फूल ढिगात टाकलं. "ती अशीच गेली ना मिरचे, तर परत येईल ती पाहुण्यासारखी. हे मला कळतंय, आणि कळूनही आत काही हलत नाही. भीती वाटायला हवी, एवढं समजतं. वाटत नाही."

ती हे बाजारभाव सांगावा तशा आवाजात बोलली. मी मात्र माझ्या स्वभावाप्रमाणे तिच्यावरच खेकसले. "तू इथे पंख्याखाली बसून करतेस म्हणून! दादा काय असा बसायचा? गाडी आल्याशिवाय त्याचं फूल व्हायचंच नाही."

मी रागात बोलले होते. वहिनी उठली आणि पिशवीत सुई-दोरा भरू लागली.

दुपारी आम्ही पार्किंगमध्ये गेलो. मुकादमाने केबिनच्या बाहेर खिडकीच्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी शेजारी कठड्यावर टेकले. आत नवा माणूस होता, हडकुळा, पांढऱ्या मिशांचा. त्याने वहिनीला मान लववली आणि पुढे काय करावं हे न कळून पंखा तिच्याकडे वळवला.

वहिनी विणू लागली. गाडी आली, हॉर्न वाजला, दांडा वर गेला. वहिनीने विणकाम मांडीवर ठेवलं, गाडी जाऊ दिली, पुन्हा उचललं. चूक नाही. दुसरी गाडी, पुन्हा तेच. वर्षानुवर्षं बटणांच्या गिऱ्हाइकांनी पक्की केलेली बाई ती, हॉर्नने काय ढळणार? मला वाटलं, झालं, उगाच उन्हात आणली हिला.

मग एक मोठी गाडी आली आणि खिडकीपासून जरा लांब थांबली. नव्या माणसाला पावती द्यायला खांद्यापर्यंत हात बाहेर काढावा लागला. बारीक मनगट, सैल घड्याळ, ताठ लांब बोटं. वहिनी रोज दुपारी दादाचा डबा घेऊन यायची. फाटकाच्या वळणावरून तिला आधी केबिन दिसायची नाही, खिडकीतून बाहेर आलेला त्याचा हात दिसायचा. तो हात दिसला की ती पावलं भरभर उचलायची, हे तिनेच मला कधीतरी सांगितलेलं.

ती त्या हाताकडे बघत राहिली. पावती गेली, हात आत गेला, गाडी गेली, दांडा खाली आला. ती बघतच होती.

मग तिने मांडीवर पाहिलं. फूल एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने धरलं.

"मिरचे," ती म्हणाली, "मी कुठवर आले होते गं?"

मला मोजता येत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

"ही झाली होती की राहिली होती?" तिने पुन्हा विचारलं, आणि तिचा आवाज मध्येच फाटला. "मला आठवतच नाहीये. राहिली असेल तर?"

"असू दे," मी म्हटलं. "जास्त चालेल."

तिने एक घातली. घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात रिकामा नव्हता. नवा माणूस खिडकीतून दुसरीकडे बघत बसला. मागून आलेल्या गाडीने हॉर्न वाजवला तरी त्याने दांडा जरा वेळ तसाच राहू दिला.

संध्याकाळी वहिनीने ते फूल टोपीवर शिवलं. डोळे सुजलेले होते, पण बाकी ती आधीसारखीच, भात वाढला तेवढा जेवली. एका रडण्याने सगळं सुटतं, असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा नळ सुरू करून भांड्यांपुढे उभी होती.

भाची निघाली तेव्हा बॅगा जिन्यात होत्या आणि खाली गाडी थांबली होती. वहिनीने तिच्या हातात टोपी दिली. भाचीने ती घातली, आरशाकडे वळली, आणि फुलाकडे पाहून तिथेच थांबली. हळूच एक बोट वर नेऊन तिने उभी पाकळी खाली दाबली. बोट काढलं. पाकळी पुन्हा वर आली.

"बाबांचं आहे," ती म्हणाली. "आई, कुठे सापडलं?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. वहिनीने माझा हात दाबला.

"तिथेच," ती म्हणाली. "केबिनपाशी."