पोर्तुगालला जाण्यापूर्वी वाचायची पुस्तकं

माझ्या शिफारशीची पुस्तकं ऐकून आजवर दोन माणसं पोर्तुगालला गेलेली नाहीत. ती दोन माणसं म्हणजे माझा दादा आणि वहिनी.

त्यांची मुलगी प्रज्ञा लिस्बनला नोकरीला होती. तीन वर्षांत पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं (फोनमधलं सोडून), म्हणून दोघांनी तिकिटं काढली. घरात वाचणारा म्हणून माझा दबदबा. मी नारायणगुड्याच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. स्वतः नागपूरच्या पलीकडे गेलेलो नाही. पण काही न वाचता कोणी परदेशी निघालं की मला ते बघवत नाही. फुटपाथवरून चार जुनी इंग्रजी पुस्तकं आणली आणि रोज संध्याकाळी दिलसुखनगरला दादाकडे जाऊन ती मराठीत सांगायला लागलो.

पहिल्या पुस्तकात भूकंपाने अख्खं शहर कोसळलं. दुसऱ्यात जहाजं बुडाली. तिसऱ्यात काळे कपडे घातलेल्या बायका किनाऱ्यावर विरहाची गाणी म्हणत होत्या. तोवर वहिनींचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

“ते सगळं ठीक आहे रे,” दादा म्हणाला, “पण तिथं थंडी किती पडती? स्वेटर लागतो का नाही?”

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. “दादा, आधी त्या देशाचं दुःख समजून घ्यावं माणसानं.”

“दुःख घेऊन काय करू? सर्दी मला होती.”

त्याने बिचाऱ्याने स्वतःच एक स्वेटर आणून ठेवला.

चौथ्या पुस्तकात एक खलाशी होता. आईला प्रत्येक पत्रात ‘मी मजेत आहे’ लिहायचा आणि शेवटी धडधाकट परत यायचा. मला हा शेवट फारच मिळमिळीत वाटला. आईने इतकी वाट पाहायची, आणि पोरगा येऊन सरळ जेवायला बसणार? मी त्याला बुडवला! (भाषांतर करणाऱ्याला तेवढी मोकळीक असते.) बुडाल्यावर त्याचं एक शेवटचं पत्रही आईला पोचवलं: ‘मी मजेत आहे.’

वहिनी अंबाडी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. “आपली प्रज्ञापण रोज हेच म्हणती.”

“अहो वहिनी, कादंबरी आहे ही,” मी म्हणालो. पण त्यांनी फोन लावलासुद्धा.

“जय भीम, आई. आज लवकर गं?”

“तू मजेत नाहीस. खरं सांग.”

“मजेत आहे की. काका काही वाचून दाखवायलेत का?” प्रज्ञा हसली.

वहिनी नुसत्या फोनमध्ये बघत राहिल्या. हळूहळू प्रज्ञाचं हसू गेलं आणि ती रडायला लागली. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नसे. कोणाचा तरी आवाज ऐकू यावा म्हणून ती एकेका वस्तूसाठी पुन्हा पुन्हा दुकानात जायची. आम्ही रोज ‘जेवलीस का’ विचारत होतो आणि ती हो म्हणत होती. मला फार वाईट वाटलं. माझी थाप होती, पण पोरीचे हाल खरे निघाले.

“तुम्ही येऊ नका आई,” ती म्हणाली. “मीच येते.”

नोकरी सोडून ती आली. तिकिटं वाया गेली. पोरगी इतकी वाळली होती की विमानतळावर दादाने आधी दुसरीच कोणीतरी समजून वाट दिली. गल्लीत बातमी पसरली, काकानं पुतणीची युरोपची नोकरी घालवली. वहिनींकडून माझ्या चहात साखर दुप्पट पडायला लागली. (मला मधुमेह आहे, तरी मी तो प्यालो.)

गेल्या महिन्यात दादाच्या शेजारचे तेलुगू नवरा-बायको स्पेनला निघाले. निरोप घ्यायला आले, तेव्हा मी पिशवीतून चौथं पुस्तक काढलं. वहिनींनी ते हळूच माझ्या हातातून घेतलं.

“नको भावजी. त्यांना खरंच जायचंय.”

दादाने आपला कोरा स्वेटर त्यांना देऊन टाकला.

“थंडी कित्ती रहती उधर?” शेजाऱ्याने विचारलं. विचारलं प्रज्ञाला, माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

“अकेले रहे तो बहोत,” ती म्हणाली.

चार पुस्तकं वाचूनही दादाला मी एवढं सांगू शकलो नव्हतो. मी आपला खलाशी बुडवत बसलो होतो.