गोलामागची येसूबाई

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं त्या वर्षांत रविवारी संध्याकाळी कामगारांच्या चाळींमागच्या माळावर फुटबॉल रंगायचा. गोव्याचे, केरळचे, बंगालचे, इथले असे मिळून एक संघ उभा राहिला होता, आणि त्याचा खेळ बघायला माळ भरून माणसं जमायची. त्यांत बाई एकच. समुद्राकडच्या गोलामागे, सुक्या मासळीची टोपली शेजारी ठेवून बसलेली येसूबाई.

तिचा लेक एकनाथ याच गोलात उभा राहायचा. आठवडाभर होडीवर आणि रविवारी इथं. दोन वर्षांमागं नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच खेपेला त्यांची होडी उलटली. बाकीचे पोहून आले, एकनाथ आला नाही. काही दिवसांनी येसूबाई सुकट विकायला चाळींत आली आणि टोपली अर्धी झाल्यावर घरी जायचं सोडून माळावर जाऊन बसली. कुणी काही विचारलं नाही. संघाचा तेव्हाचा मॅनेजर कुतिन्हो, जाडजूड गोवेकर गृहस्थ, खेळ सुरू व्हायच्या आधी तिच्याजवळ यायचा. "बरी आसा मगो, माय?" एवढंच म्हणायचा. ती मान हलवायची.

वाडीतही तसंच होतं. ती पाणवठ्यावर आली की बायांचा आवाज खाली यायचा. एकनाथचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नसे. तिला जपायचं म्हणून सगळे गप्प, आणि त्या गप्पपणात ती एकटी.

यंदाच्या पावसाळ्यानंतर कुतिन्होचं काम संपलं, तो गावी गेला. त्याच्या जागी घोषाल नावाचा बंगाली आला. हडकुळा, चष्मेवाला, तोंडात शब्द नाही. पहिल्या दिवशी त्यानं चेंडू बाजूला ठेवला आणि संध्याकाळभर पोरांना नुसतं पळवलं. बघायला आलेली माणसं कंटाळून गेली.

"हा काय संघ चालवणार?" चहाची टपरी चालवणारा बन्सी म्हणाला. संघाचा एकही सामना त्यानं चुकवला नव्हता. "हसत नाय, बोलत नाय. ह्याच्यापेक्षा आमचा खांब बरा."

तेवढ्यात घोषाल गोलापाशी आला. येसूबाईकडे बघत म्हणाला, "ये टोकरी यहाँ से हटाइए. गेंद लगेगी." मग बन्सीकडे वळून, "ये कौन हैं?"

उत्तराची वाट न बघता तो परत पोरांकडे वळला. येसूबाईनं टोपली उचलली आणि मागच्या ताडाखाली जाऊन बसली. बन्सीचं टाळकं सणकलं होतं. "थांब मावशे, त्याला सांगतोच तू कोण हाय ते."

"नको," ती म्हणाली. "काय पण सांगू नको."

का नको, ते तिलाही नीट कळलं नाही. राग तर आला होता. पण या मुलखात असा एक माणूस आला होता, ज्याच्या लेखी ती नुसती मासळीवाली होती.

पालघरच्या संघाबरोबरचा पहिलाच सामना घोषालच्या पोरांनी सपाटून मार खात घालवला. "कुतिन्होला बोलवा" असा ओरडा झाला. बन्सीनं चार माणसं गोळा केली, बांधकामाच्या साहेबांकडे गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. येसूबाईला म्हणाला, "तू पण चल. तुझ्या शब्दाला मान हाय." ती गेली नाही.

त्याच आठवड्यात ती दारोदार फिरत असताना एका खोलीचं दार उघडलं आणि लुंगी नेसलेला घोषाल बाहेर आला. टोपलीतले बोंबील बघून त्याचा चेहराच बदलला. "शुटकी!" असं सुक्या मासळीचं आपल्याकडचं नाव घेत तो उंबऱ्यावर उकिडवा बसला. एक बोंबील उचलून नाकाशी धरला, बराच वेळ धरला. आत एकच खाट, एक स्टोव्ह, दोरीवर एक सदरा. कसे रांधतात, म्हणून त्यानं विचारलं. तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं. मिरची, लसूण, चिंचेचा कोळ.

"घर में कौन-कौन है?"

"कोण नाय."

"बेटा?"

येसूबाईचे हात थांबले. दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं स्वतःच्या तोंडानं ते एकदाही सांगितलं नव्हतं.

"था," ती म्हणाली. "एकनाथ. तुमच्याच गोलमध्ये उभा राहायचा. दर्यात गेला."

घोषालनं चष्मा काढला. हळहळला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. त्यानं विचारलं, "तैरना आता था?"

"आमच्यांत सगळ्यांनाच येतं."

त्यानं मान हलवली. "हमारे यहाँ नदी ले जाती है," एवढं बोलून त्यानं चष्मा पुन्हा चढवला. तीही बसून राहिली. ऊन पायरीवरून खाली उतरलं, तेव्हा ती उठली.

घरी जाताना मात्र वाटेत तिला रडू फुटलं. होडी उलटल्याची बातमी आली तेव्हासुद्धा ती एवढी रडली नव्हती.

रविवारी ती माळावर गेली. घोषालनं लांबूनच मान हलवली, जवळ आला नाही. "अजून तसाच बघ, तुसडा," बन्सी म्हणाला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ती गोलाकडे बघत होती. तिथं मंगळ्या उभा होता, डोंगरातून खडी फोडायच्या कामावर आलेला. गेलं वर्षभर तोच उभा राहायचा, पण त्याचं तोंड तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. रुंद कपाळ, भेदरलेले डोळे, एकनाथशी कुठंच साम्य नसलेलं. चेंडू त्याच्या हातांखालून आत गेला. त्यानं मांडीवर थाप मारली आणि मागे वळून पाहिलं. ताडाखाली बसलेल्या म्हातारीशिवाय मागे कुणी नव्हतं.

संघ सामना हरला. माणसं पांगली. येसूबाईनं टोपली डोक्यावर घेतली. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, पण रस्ता खाडीतून होता, आणि भरती यायच्या आत वाडी गाठायची होती.